बिकिनीची माती मोजायची कोणी?

दर्यावर्दी_दाभोळ
शनिवार, रात्री ९:१०

गेली चौदा वर्षं मी बोटीवर इंजिन रूममध्ये आहे. त्यातली बरीच वर्षं ज्या जहाजांवर काढली, त्यांच्या मागच्या अंगाला जहाजाच्या नावाखाली एकच शब्द रंगवलेला असायचा: माजुरो. हे जहाजाच्या नोंदणीचं बंदर. प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांची जहाज-नोंदणी जगातल्या सर्वांत मोठ्या नोंदण्यांपैकी एक आहे, त्यामुळे कोकणातल्या कितीतरी पोरांनी हा शब्द रोज वाचलाय. माजुरोला मात्र मी कधी गेलेलो नाही. ज्या देशाच्या झेंड्याखाली पोट भरलं त्या देशाबद्दल मला काहीच माहीत नव्हतं, याची मागच्या काँट्रॅक्टमध्ये मनापासून लाज वाटली आणि वाचायला घेतलं. जे वाचलं ते इथे लिहितोय.

फेब्रुवारी १९४६. रविवारची प्रार्थना आटोपल्यावर अमेरिकेचे लष्करी गव्हर्नर कमोडोर बेन वायट यांनी मार्शल बेटांतल्या बिकिनी बेटावरच्या लोकांना एकत्र बसवलं आणि विचारलं, मानवजातीच्या भल्यासाठी आणि जगातली सगळी युद्धं संपवण्यासाठी तुम्ही हे बेट तात्पुरतं सोडाल का? माणसं होती १६७. त्यांचे प्रमुख जुडा म्हणाले, आम्ही जातो, सगळं देवाच्या हाती आहे. मार्चमध्ये त्यांना राँगेरिक बेटावर नेऊन सोडलं. तिथे खायला पुरेसं नव्हतं, उपासमार झाली. १९४८ मध्ये तिथून उचलून क्वाजालीन बेटाच्या धावपट्टीशेजारी तंबूत ठेवलं आणि त्याच वर्षी किली नावाच्या बेटावर.

किलीला लगून नाही. बिकिनी म्हणजे प्रवाळाच्या बेटांचं कडं आणि आत शांत पाणी. होड्या घालाव्यात, मासे मारावेत, पलीकडच्या बेटावर जाऊन नारळ आणावेत. किली हे एकच सुटं बेट, चारही बाजूंनी उघडा दर्या. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतात ना, तशी तिथे हिवाळ्यात महिनोन्महिने गत होते. पिढ्यान्‌पिढ्या लगूनमध्ये वाढलेल्या लोकांना तिथे आणून टाकलं.

इकडे १९४६ ते १९५८ या काळात अमेरिकेने मार्शल बेटांत ६७ अणुस्फोट केले. त्यातले २३ बिकिनीवर.

आता मूळ मुद्दा. १९६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी जाहीर केलं की बिकिनी आता राहण्यालायक आहे, लोकांनी परत जावं. साफसफाई झाली, नवे माड लावले, घरं बांधली. बिकिनीच्या पंचायतीला पूर्ण भरवसा नव्हता, पण १९७२ पासून काही कुटुंबं परत गेली. स्वतःच्या जमिनीवर गेली, स्वतःचे नारळ खाल्ले, स्वतःच्या विहिरीचं पाणी प्यायली. १९७५ मध्ये कळू लागलं की किरणोत्सार आधी सांगितला होता त्यापेक्षा जास्त आहे. तेव्हा या लोकांना काय करावं लागलं? अमेरिकेच्या न्यायालयात दावा लावावा लागला. मागणी एवढीच होती की आमच्या बेटांची पूर्ण शास्त्रीय मोजणी करा.

सरकारने मोजणी मान्य केली आणि मग परराष्ट्र, अंतर्गत कारभार (इंटिरियर) आणि ऊर्जा या खात्यांत वाद चालू झाला की खर्च कोणी करायचा आणि जबाबदारी कोणाची. जवळजवळ तीन वर्षं. त्या तीन वर्षांत माणसं तिथेच राहत होती, नारळ खात होती. १९७८ मध्ये तपासणी झाली तेव्हा त्यांच्या अंगातलं सीझियम-१३७ हे अणुस्फोटातून येणारं किरणोत्सारी द्रव्य एका वर्षात ७५ टक्क्यांनी वाढलेलं निघालं. १३९ जणांना पुन्हा बेटावरून उठवलं.

मी पेशाने मशीनवाला माणूस आहे. बॉयलर ज्याने बिघडवला त्यानेच 'ठीक आहे' म्हणून सही करायची आणि आम्ही शेजारी उभं राहायचं, असं आमच्याकडे चालत नाही. बाहेरचा सर्व्हेअर येतो, हातोडी मारून बघतो, मग सही करतो. एका अख्ख्या बेटाच्या बाबतीत हे का झालं नाही? ज्या सरकारने स्फोट केले, त्याने मोजणी स्वतःच्या खर्चाने, वेळेत आणि दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर करून द्यायला हवी होती, असं मला ठामपणे वाटतं. तुम्हांला काय वाटतं ते लिहा. या क्षेत्रातलं कोणी असेल तर चुकाही दाखवा.

अनुजा_साने
शनिवार, रात्री ९:५२

दादा, वाचून गलबलून आलं. तीन वर्षं खर्चावरून वाद, आणि तेवढ्यात पोरं शहाळी पितायत!

एक प्रश्न आहे. नारळातच का आलं ते? आमच्या रत्नागिरीच्या वाडीत माड आहेत, मी बागेत वाढले. माड जमिनीतलं मीठ घेतो हे माहीत आहे. पण वरून पडलेली धूळ पावसाने वाहून जायला नको का इतक्या वर्षांत?

मोजपट्टी
शनिवार, रात्री ११:३०

अनुजाताई, तुमचा प्रश्न अगदी नेमक्या जागी आहे. मी ३१ वर्षं किरणोत्सार सुरक्षेचं काम केलं, आता निवृत्त आहे. थोडं सविस्तर लिहितो.

सीझियम आणि पोटॅशियम ही रसायनशास्त्रातली सख्खी भावंडं. झाडाच्या मुळाला त्यांच्यातला फरक नीट कळत नाही. आपल्याकडच्या मातीत चिकणमाती असते, तिच्या थरांमध्ये सीझियम अडकून बसतं आणि झाडापर्यंत फारसं पोचत नाही. शिवाय पोटॅशियमही बऱ्यापैकी असतं. प्रवाळ बेटावर यातलं काहीच नाही. तिथली 'माती' म्हणजे प्रवाळाचा चुरा, थोडक्यात चुनखडी. चिकणमाती शून्य, पोटॅशियम जेमतेम. भुकेलं झाड मिळेल ते उचलतं, आणि तिथे मिळतं ते सीझियम. माड, नीरफणस आणि केवडा ही तिथली मुख्य अन्नझाडं, आणि तिन्ही ते उचलतात. केवड्याचं फळ ते लोक खातात, आपल्यासारखं फक्त वासाला नाही. नारळखेकडा तर नारळावरच जगतो, त्यामुळे त्याच्यातही येतं.

१९६० च्या दशकात 'बेट सुरक्षित' म्हणणाऱ्यांची चूक इथेच झाली. हवेत मीटर धरून येणारा आकडा त्यांनी बघितला. लोक स्थानिक अन्न किती खातील याचा अंदाज फार कमी धरला. नारळ तिथे चवीला खोवून घालायची गोष्ट नाही, ते तिथलं जेवण आहे आणि पाणीही. एखाद्या जागेची सुरक्षितता मोजायची तर आधी तिथल्या बाईच्या चुलीपाशी बसून ती दिवसभरात काय शिजवते ते लिहून काढावं लागतं. हे मी माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक मुलाला सांगत आलो.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सल्लागार गटाने १९९० च्या दशकात बिकिनीचा अभ्यास केला, अहवाल १९९८ चा. त्यांचा हिशेब असा, की कोणी तिथेच राहून सगळं तिथलंच खाल्लं तर वर्षाला सुमारे १५ मिलिसिव्हर्ट (अंगाला बसणाऱ्या किरणोत्साराचं माप) मात्रा मिळेल. जगात नैसर्गिक किरणोत्साराची सरासरी साधारण २.४ आहे आणि सामान्य जनतेसाठी कृत्रिम स्रोतांची मर्यादा १. त्यांनी सांगितलं की आहे त्या स्थितीत कायमची वस्ती करू नये. उपायही सांगितला: बागेत पोटॅशियमचं खत द्या आणि घरांभोवतीची वरची माती काढा. पोटॅशियम भरपूर मिळालं की माड सीझियम घेणं सोडतो, प्रमाण दहाव्या हिश्शावर आणि त्याच्याही खाली येतं. अमेरिकेच्या लिव्हरमोर प्रयोगशाळेने हे प्रयोग बिकिनीवरच वर्षानुवर्षं केले. उत्तम काम आहे ते.

सीझियमचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, ३० वर्षं. म्हणजे १९५४ सालचं आज जवळपास पाचव्या हिश्शावर आलं. माणसाच्या अंगातून तर ते तीन-साडेतीन महिन्यांत निम्मं होतं, खाणं थांबवलं तर. बाहेरून अंगावर येणारी मात्रा बिकिनीवर आता कमी आहे, खरा प्रश्न पोटातून जाणाऱ्याचा.

सडेतोड
रविवार, सकाळी ७:४५

लेख चांगला आहे पण एकांगी वाटला. अमेरिकेचं ऊर्जा खातं आजही तिथे मोजणी करतं. एनेवेटाक, राँगेलॅप आणि माजुरो या मार्शलच्या बेटांवर होल बॉडी काउंटर (माणसाच्या अंगातला किरणोत्सार मोजणारी यंत्रं) बसवलेत, ते चालवायला स्थानिक माणसं शिकवून तयार केलीत. १९८६ मध्ये मार्शल बेटं स्वतंत्र झाली तेव्हा अणुचाचण्यांच्या भरपाईपोटी १५ कोटी डॉलरचा निधी दिला. आता तो सार्वभौम देश आहे, त्याने आपली माती आपण मोजावी. आणि शून्य किरणोत्सार जगात कुठेच नसतो. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइट या थोरियमयुक्त खनिजाच्या वाळूमुळे नैसर्गिक किरणोत्सार बिकिनीपेक्षा जास्त असलेल्या जागा आहेत, तिथे पिढ्यान्‌पिढ्या लोक राहतायत. भीती विकू नये एवढंच म्हणणं.

दर्यावर्दी_दाभोळ
रविवार, सकाळी ८:२०

सडेतोड, होल बॉडी काउंटरचं तुम्ही सांगितलंत ते बरोबर, मी लिहायला हवं होतं.

पण क्रम बघा. ही यंत्रं बसली ती पहिल्या स्फोटानंतर पन्नासेक वर्षांनी. आणि १५ कोटींचा निधी फुकट आला नाही. ज्या करारातून तो आला, त्याबरोबर मार्शल सरकारला आपल्या नागरिकांचे सगळे दावे सोडून द्यावे लागले. लोकांचे जे खटले अमेरिकेच्या न्यायालयांत चालू होते ते बंद झाले. बदल्यात दावे ऐकायला एक न्यायाधिकरण नेमलं. त्याने २००१ मध्ये बिकिनीच्या लोकांना ५६ कोटी ३० लाख डॉलर द्यावेत असा निवाडा दिला, २००७ मध्ये राँगेलॅपला १०० कोटींच्या वर. द्यायला तिजोरीत पैसेच नव्हते. बिकिनीवाले पुन्हा अमेरिकेच्या कोर्टात गेले, २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऐकून घ्यायलाही नकार दिला.

ज्याची जमीन गेली, मासेमारी गेली, माड गेले, त्याने आता स्वतःच्या पैशाने शास्त्रज्ञ आणून जमीन मोजायची, हे मला पटत नाही. तरी त्यांनी तेही केलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मार्शल सरकारने बाहेरचे शास्त्रज्ञ नेमून देशभर सर्वेक्षण करून घेतलं. देशाची सगळी जमीन मिळून १८१ चौरस किलोमीटर. म्हणजे बृहन्मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. ती लाखो चौरस किलोमीटर समुद्रात विखुरलेली आहे, आणि होडीने एकेका बेटावर जाऊन माती उचलायची.

मोजपट्टी
रविवार, सकाळी ९:०५

केरळच्या मुद्द्यावर बोलतो, कारण तो नेहमी येतो. करुनागपल्लीत थोरियम आहे, निसर्गातलं आहे, त्या लोकांवर कोणी टाकलेलं नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे तिथे कर्करोगाची नोंदवही ठेवून वर्षानुवर्षं अभ्यास झालाय, लोकांना आकडे सांगितलेत. 'दुसरीकडे जास्त आहे' हे वाक्य ज्याच्या घरात कोणी राख आणून टाकली त्याला सांगायचं उत्तर होऊ शकत नाही. मी स्वतः नोकरीत असताना हे वाक्य वापरलेलं आहे. आज वापरणार नाही.

स्टाफनर्स_परळ
रविवार, दुपारी २:१५

बिकिनीवर सगळे बोलतायत. राँगेलॅपबद्दल मी लिहिते, कारण माझं आयुष्य पेशंटमध्ये गेलंय.

१ मार्च १९५४, कॅसल ब्राव्हो, बिकिनीवरचा हायड्रोजन बॉम्बचा स्फोट. अंदाज साधारण ६ मेगाटनांचा होता, स्फोट १५ मेगाटनांचा झाला. हिरोशिमाच्या हजारपट. राँगेलॅप बेट बिकिनीपासून शंभर मैलांच्या आसपास पूर्वेला. काही तासांनी आकाशातून पांढरी भुकटी पडू लागली. प्रवाळाचाच चुरा तो, भाजून वर गेलेला. कोणी काही सांगितलेलं नव्हतं. पोरं त्यात खेळली. ती पाण्याच्या साठ्यात पडली, अन्नावर पडली, तेलकट केसांत चिकटून बसली. संध्याकाळपासून उलट्या, अंगाला खाज, डोळ्यांची आग. त्यांना न्यायला जहाज आलं ते दोन दिवसांनंतर. पुढे कातडी भाजली, केस गळले. एक लहान मुलगी आहे फोटोत, केसांचे पुंजके गेलेले. मी केमोच्या वॉर्डात काम केलंय, तरी तो फोटो मला बघवत नाही.

१९५७ मध्ये 'आता सुरक्षित आहे' म्हणून सगळ्यांना परत नेऊन सोडलं. त्या काळात अमेरिकेच्या ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेच्या वैद्यकीय अहवालात लिहिलंय, की या लोकांचं या बेटावर राहणं म्हणजे माणसांवरच्या किरणोत्साराची अत्यंत मोलाची माहिती मिळण्याची सोय. हे मी तीनदा वाचलं. दरवर्षी डॉक्टर यायचे, रक्त घ्यायचे, लघवी घ्यायचे, निघून जायचे. १९६३-६४ पासून मुलांच्या गळ्यात थायरॉइडच्या गाठी दिसू लागल्या. किरणोत्सारी आयोडीन थायरॉइडमध्ये जाऊन बसतं आणि मुलांची ग्रंथी लहान, त्यामुळे तेवढ्याच आयोडीनने मात्रा जास्त बसते. गावचे प्रमुख जॉन अंजैन यांचा मुलगा लेकोज स्फोटाच्या वेळी एक वर्षाचा होता. १९७२ मध्ये ल्युकेमियाने गेला, वय १९.

मग १९८२ मध्ये ऊर्जा खात्याने इंग्रजी आणि मार्शली भाषेत एक पुस्तिका वाटली. १९७८ च्या मोजणीचे नकाशे त्यात होते. राँगेलॅपच्या लोकांनी स्वतःच्या भाषेत पहिल्यांदा पाहिलं की आपल्या उत्तरेकडच्या काही बेटांचा स्तर बिकिनीएवढाच दाखवलाय. बिकिनीच्या लोकांना तर तिथून उठवलं होतं. त्यांनी विचारलं, मग आम्हांला का नाही? अमेरिकेने हलवलं नाही. १९८५ च्या मे महिन्यात ग्रीनपीसचं 'रेनबो वॉरियर' जहाज आलं आणि तीनशेवर माणसं, त्यांची घरं पाडून काढलेले फळ्या-पत्रे सगळं घेऊन मेजाट्टो बेटावर गेलं. म्हाताऱ्या, तान्ही बाळं, कोंबड्या. देशाने नेलं नाही, एका संघटनेच्या बोटीने नेलं.

पेशंटला रिपोर्ट त्याच्या भाषेत समजावून सांगायचा असतो. रक्त घेऊन गेलात, निकाल सांगायला अठ्ठावीस वर्षं लावलीत. यापेक्षा मोठा गुन्हा मला माझ्या पेशात माहीत नाही.

अनुजा_साने
रविवार, दुपारी २:४०

ताई, 🙏 काही लिहवत नाही.

बखरप्रेमी
रविवार, सायंकाळी ५:३०

यात भारताचाही एक धागा आहे. मार्शल बेटं त्या वेळी अमेरिकेच्या मालकीची नव्हती. १९४७ पासून ती संयुक्त राष्ट्रांनी सोपवलेला विश्वस्त प्रदेश होती, आणि विश्वस्तपत्रात स्पष्ट कलम होतं की रहिवाशांच्या आरोग्याचं रक्षण करावं, त्यांच्या जमिनी आणि साधनसंपत्ती जाऊ देऊ नये. म्हणून मी म्हणेन की मोजणीची जबाबदारी ही नैतिकतेची गोष्ट व्हायच्या आधी लेखी कबुलीची गोष्ट आहे.

ब्राव्होनंतर महिनाभराने, २ एप्रिल १९५४ ला नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या थांबवण्याचा करार करा अशी मागणी केली. त्याच एप्रिलमध्ये मार्शलच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केला: चाचण्या थांबवा, आणि थांबवणारच नसाल तर पुरती काळजी घ्या. विश्वस्त परिषदेत भारताच्या वतीने कृष्ण मेनन उभे राहिले. विश्वस्ताला अशा प्रदेशात हे करण्याचा हक्क तरी आहे का, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारा, अशी भूमिका भारताने घेतली. ती मंजूर झाली नाही. तेव्हा न्यायालयाचं मत घेतलं गेलं असतं तर पुढच्या चार वर्षांतले स्फोट कदाचित झालेच नसते, असं मला सारखं वाटत राहतं.

मेलबर्नचा_केदार
रविवार, रात्री ८:००

इथलं उदाहरण देतो. दक्षिण ऑस्ट्रेलियात मारालिंगा. ब्रिटनने १९५६-५७ मध्ये सात मोठे स्फोट केले आणि १९६३ पर्यंत छोट्या चाचण्या. मूळ रहिवाशांना आधीच तिथून हलवलं होतं. १९६७ मध्ये ब्रिटिशांनी साफसफाई केली म्हणजे नांगर फिरवून प्लुटोनियम मातीत मिसळलं. १९६८ च्या त्यांच्याच अहवालावर विसंबून ऑस्ट्रेलियाने त्यांना जबाबदारीतून मोकळं केलं. १९८४ मध्ये इथल्या शास्त्रज्ञांनी स्वतः जाऊन मोजलं तर प्लुटोनियम सांगितल्यापेक्षा कितीतरी जास्त आणि उघड्यावर! मग चौकशी आयोग बसला, ब्रिटनने १९९३ मध्ये २ कोटी पौंड दिले, सफाई २००० पर्यंत चालली. दुसऱ्याने मोजलं म्हणून कळलं.

सडेतोड
रविवार, रात्री ९:१५

मारालिंगाचं हे माहीत नव्हतं. मोजणी स्वतंत्र हवी, हे मान्य करतो. पण स्वतंत्र म्हणजे कोण? आणि कुठला आकडा धरायचा? मोजपट्टीकाका, 'सुरक्षित' हा शास्त्राचा निर्णय आहे की राजकारणाचा?

मोजपट्टी
सोमवार, सकाळी ६:५०

रात्रभर या प्रश्नावर विचार केला.

जमिनीत किती बेकरेल (किरणोत्साराचं एकक) आहे हे शास्त्र सांगतं. त्यावरून किती मात्रा बसेल हेही सांगतं, खाण्यापिण्याची खरी माहिती मिळाली तर. पण किती मात्रेला 'चालेल' म्हणायचं हे ज्याला तिथे राहायचंय त्याच्याशिवाय ठरवताच येत नाही. राँगेलॅपच्या बाबतीत अमेरिकेशी झालेल्या करारात वर्षाला १०० मिलिरेमची मर्यादा धरली, म्हणजे १ मिलिसिव्हर्ट. न्यायाधिकरणाने मात्र १५ मिलिरेम धरली. कारण अमेरिकेचं पर्यावरण संरक्षण खातं मायदेशातल्या दूषित जागा साफ करताना तेव्हा १५ धरायचं. न्यायाधिकरणाचं म्हणणं साधं होतं: अमेरिकन माणसाच्या अंगणाला जो नियम, तोच बिकिनीच्या माणसाच्या अंगणाला. मला त्यात एकही चूक काढता येत नाही.

एक दुरुस्ती. परवा मी लिहिलं की बाहेरची मात्रा आता कमी आहे. काल पुन्हा वाचलं. २०१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या चमूने बेटांवर जाऊन मोजणी प्रसिद्ध केली. एनेवेटाकवर बाहेरचा गॅमा अगदी कमी मिळाला, राँगेलॅपवरही कमी. बिकिनीवर सरासरी वर्षाला १८४ मिलिरेम. हे फक्त बाहेरचं, अन्न धरलेलंच नाही, आणि तरी १०० च्या वर. त्याआधीचे हिशेब बरेचसे जुन्या मोजण्या अर्धायुष्याच्या हिशेबाने कमी करून काढलेले होते. मीही तेच मनात धरून लिहून गेलो. कागदावरचा आकडा आणि मीटरवरचा आकडा यांत फरक पडतो म्हणूनच परत परत जाऊन मोजावं लागतं.

सडेतोड, स्वतंत्र म्हणजे कोण याचं माझं उत्तर: पैसे स्फोट करणाऱ्याने द्यावेत, माणसं बेटवाल्यांनी निवडावीत, आकडे सगळ्यांसाठी उघडे असावेत.

काठावरची
सोमवार, दुपारी १२:२०

आमचं गाव धरणात गेलं. मी तेव्हा जन्मले नव्हते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा माथा वर येतो, आजी आम्हांला घेऊन जायची आणि चिखलात उभं राहून दाखवायची, इथे माजघर, इथे गोठा. जमीन मोजताना आजोबांना साखळीचं टोकसुद्धा धरू दिलं नव्हतं, ही गोष्ट ती दरवेळी सांगायची. कमी भरली जमीन, मोजणी पुन्हा करा म्हणायला गेले तर कोणी उभं केलं नाही.

पण आमच्या गावावर पाणी आहे, गेलं ते दिसतं. बिकिनीचं वाचून वाटलं की तिथे सगळं हिरवंगार उभं आहे, माडाला नारळ लागलेत, आणि हात लावायचा नाही. ते कसं सोसत असतील?

दर्यावर्दी_दाभोळ
सोमवार, दुपारी १:०५

ताई, साखळीचं टोक. हेच मला लेखात म्हणायचं होतं आणि जमलं नव्हतं.

एनेवेटाकचंही थोडक्यात सांगतो. तिथले लोक १९४७ मध्ये उजेलांगला हलवले, परत आले १९८० मध्ये. त्याआधी तीन वर्षं सुमारे चार हजार अमेरिकन सैनिकांनी माती खरवडली आणि रुनिट बेटावरच्या एका स्फोटाच्या खड्ड्यात ओतून वर ४५ सेंटिमीटर काँक्रीटचा घुमट केला. आत ७३ हजार घनमीटरच्या वर दूषित माती. खड्ड्याच्या तळाला अस्तर नाही, समुद्राचं पाणी खालून येतं-जातं. स्थानिक लोक त्याला थडगं म्हणतात. त्या मातीतल्या प्लुटोनियम-२३९ चं अर्धायुष्य २४ हजार वर्षं. त्या घुमटाच्या भेगा दर चार वर्षांनी बघाव्यात आणि भूजल तपासावं, यासाठी २०१२ मध्ये अमेरिकी काँग्रेसला वेगळा कायदा करावा लागला. २०२० च्या अहवालात ऊर्जा खात्याने सांगितलं की घुमट कोसळण्याचा धोका नाही, आणि तसंही लगूनच्या तळाच्या गाळात घुमटापेक्षा कितीतरी जास्त किरणोत्सारी द्रव्य आहे. हे दुसरं वाक्य धीर द्यायला लिहिलंय. मासे त्याच लगूनचे आहेत.

ओझार्क_मराठी
सोमवार, रात्री ११:४०

मी अर्कान्सासमध्ये बेंटनविलला असते. इथून अर्ध्या तासावर स्प्रिंगडेल आहे, तिथे हजारो मार्शली लोक राहतात, बरेचजण कोंबडीच्या कारखान्यांत कामाला. मार्शल बेटांच्या अमेरिकेशी असलेल्या करारामुळे त्यांना व्हिसा लागत नाही. मार्चच्या पहिल्या तारखेला स्मरणदिन पाळतात.

माझ्या मुलीच्या वर्गात एक मार्शली मुलगी आहे. तिची आजी बिकिनीवाल्यांपैकी, जन्म किलीचा. बिकिनी तिने कधीच बघितलेलं नाही, तरी स्वतःला बिकिनीची म्हणते. परवा तिच्याकडे गेलो तर केवड्याच्या फळाचा वाळवलेला गर दिला, पानात घट्ट गुंडाळलेला. चवीला आपल्या फणसपोळीच्या जवळचा. मुलीने हात पुढे केला आणि मी हा धागा वाचलेला असल्यामुळे क्षणभर थांबले. आजीच्या ते लक्षात आलं. मला फार अपराधी वाटलं. मोजपट्टीकाका, खायला हरकत नाही ना?

मोजपट्टी
मंगळवार, सकाळी ६:१५

निर्धास्त खा. कुठल्या बेटाचा आहे तेवढं विचारून घ्या, राग येणार नाही त्यांना, ते स्वतःही हेच विचारतात. माजुरो, आर्नो अशा दक्षिणेकडच्या बेटांवरचं अन्न सुरक्षित आहे. काळजी उत्तरेकडच्या मोजक्या बेटांची, आणि तीही रोजच्या जेवणाची. एखाद्या तुकड्याने काही होत नाही.

ओझार्क_मराठी
मंगळवार, सकाळी ८:०२

आर्नोचा आहे म्हणाल्या. मी विचारायच्या आधी त्यांनीच सांगितलं. मुलीने दोन तुकडे खाल्ले, उरलेला डब्यात दिलाय.